मंगळवारचा इस्त्रीचा शर्ट

दर मंगळवारी हिराजीकाका इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या उपकेंद्रात यायचे. चपला दाराबाहेर जोडीनं ठेवायचे, बाही दुमडायचे आणि मी सांगण्याआधीच टेबलावर हात पसरून म्हणायचे, "घ्या बाय, मोजा." केळव्याला मी नर्स म्हणून नवीनच होते. प्रेशर तपासायला इतकं नटूनथटून येणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

काका वाड्यांमधल्या माडांवर चढून नारळ उतरवायचे. साठी उलटली तरी चढत होते. "माडाला मिठी मारायची, पन भरवसा आपल्या पायावर," हे त्यांचं नेहमीचं. मुंबईचे पाहुणे फोटोसाठी पुन्हा चढायला सांगायचे. "माड काय जिना हाय?" असं कुरकुरत काका चढायचेच. दारू मात्र तीस वर्षांची, रोजची. सगळ्या गावाला ठाऊक होती.

फक्त मंगळवारी ते ती घेतल्याचं साफ नाकारायचे. हात थरथरत असायचे, कपाळावर घाम आणि प्रेशर चढलेलं. मी फणकाऱ्यानं विचारायचे, "काल किती झाली?"

"नाय घेतली, बाय."

"मग हात काय थंडीनं कापतायत?"

एकदा तर चार बायकांसमोर मी म्हटलं, "काका, मशीन तुमच्यासारखं खोटं बोलत नाही." त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं आणि गेले. पुढच्या मंगळवारी पुन्हा वेळेवर हजर.

माझे आकडे बघून पालघरच्या डॉक्टरांनी गोळी दोनदा वाढवली. मग काकांना उठताना भोवळ यायला लागली. "माडावर काय नाय होत, नि पाटावरना उठताना गरगरतं. उलटाच न्याय!" ते हसले. मीही हसले. तेव्हा हसायला नको होतं.

एका शुक्रवारी दुपारी रोजची घेऊन काका जेवायला बसले. जेवून उठले आणि तसेच पायरीवर कोसळले. आयुष्यभर माडावरून न पडलेला माणूस पाटावरून उठताना पडला. डोक्याला मार लागला होता. तिसऱ्या दिवशी गेले.

मी काकींना भेटायला घरी गेले तेव्हा काकांचा मंगळवारचा शर्ट इस्त्री करून खुंटीला टांगलेला होता. काकी म्हणाल्या, "दर रविवारपासना थेंबाला शिवायचे नाय. बायसमोर वास नको, म्हनायचे. दोन दिस नुसती तडफड. तुमच्याकडना आले का मग घ्यायचे."

मी डॉक्टरांना गाठलं. त्यांनी कपाळाला हात लावला. वर्षानुवर्षांच्या दारूनं प्रेशर वाढलेलंच असतं, म्हणाले. त्यात ती एकदम तुटली की शरीर खवळतं, प्रेशर आणखी चढतं, हात कापतात. प्यायल्यावर काही तास ते उतरतं, आणि उठताना त्याला सावरणाऱ्या नसा दारूनंच मंदावलेल्या असतात. वर आपली वाढवलेली गोळी.

मी ज्या दिवशी मोजत होते, नेमका तोच दिवस त्यांचा रोजच्यासारखा नसायचा. आणि तो त्यांनी माझा मान राखायला तसा केला होता. काका खरं बोलत होते. चार बायकांसमोर मी त्यांना खोटं ठरवलं आणि माफी मागायची राहून गेली.

आता कापऱ्या हाताचा कुणी "नाय घेतली" म्हणाला, की मी मशीन बाजूला ठेवते, खुर्ची जवळ ओढते आणि विचारते, "कधीपासून नाही घेतली, काका?"