उकळलं की दूध मेलं

गवळणमावशीला आजारी पडायला सवड नव्हती, आणि ताप मात्र घरजावयासारखा ठाण मांडून बसला होता. सकाळी जरा उतरे, दिवेलागणीला पुन्हा चढे. कंबर आणि गुडघे ठणकत, अंथरूण घामानं भिजे. तरी पहाटे उठून गोठा झाडायचाच, कारण जनावरांना कसली सुट्टी?

औषध म्हणून ती काय करी, तर गाईच्या सडाखाली पेला धरून फेसासकट धारोष्ण दूध घशात ओती. "उकळलं की दूध मेलं," हे तिचं ठरलेलं वाक्य. नवऱ्यामागे याच दुधावर तिनं मुलगा वाढवला. तिला कोण शिकवणार? सून गरोदर राहिल्यापासून पहिला पेला सुनेचा. मावशी दारात नेऊन देई, सून मुकाट्यानं आत नेई.

एके सकाळी दुधाची किटली हातातून निसटली, तेव्हा कुठे मावशी दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि भलतंच विचारलं. "मावशी, एखादी गाय गाभडली का? दिवस भरायच्या आधीच वासरू पडलं का?"

"तांबडी गाभडली. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वासरामागची वार कुणी काढली? उघड्या हातांनी?"

"मीच. बाळंतपणं करायला हातमोजे घालते का कुणी?"

"तिथूनच लागलाय हा ताप. कच्च्या दुधातूनही लागतो. गोळ्या बरेच आठवडे घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. घरात कुणी गरोदर आहे? ती ते दूध प्यायली असेल तर पोटातल्या बाळाला धोका आहे."

गोळ्या पदरात बांधून मावशी निघाली. गाभडणं हा जनावरांचा शब्द, पण घरी येईपर्यंत तो सुनेभोवतीच फिरत राहिला. आपल्याच हातानं घात केला, दुसरं काय?

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. मावशी उंबऱ्यावरच बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. सुनेनं मान खाली घातली.

"आई, रागावू नका. मी ते पहिल्यापासून उकळूनच पितेय. कच्च्याच्या वासानं मळमळायचं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

एरवी मावशीनं घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिच्यात तेवढं त्राण नव्हतं. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "लबाड कुठली. तरी उद्या तपासायला जायचंच." मग भिंतीला डोकं टेकवून हळूच म्हणाली, "आणि मलाही जरा मेलेलं दूध दे गं."