सोंडेपाशी अडलेला गणपती

"सोंड आली, पोट येईना," मधुशेठ म्हणाले.

त्यांच्या स्क्रीनवर लग्नपत्रिकेचा गणपती उघडत होता. मुकुट आला, कान आले, सोंड अर्ध्यावर आली आणि थांबली. खाली नुसता करडा पट्टा. नमुना बघायला असोद्याहून मुलीचे वडील आले होते. त्यांनी स्क्रीनकडे बघून हात जोडले होते, ते हळूच खाली घेतले.

"शेठ, गेल्या आठवड्यात तर लगेच दिसला होता."

"गेल्या आठवड्यात याचं नवीन नेटवर्क नव्हतं," शेठ माझ्याकडे न बघता म्हणाले. मी तिथेच उभा होतो, हातात पेचकस घेऊन.

हे जळगाव, नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी मूळ राधानगरीकडचा. नववीत शाळा सोडली आणि मामांच्या ओळखीने दिलीपभाऊंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन चिकटलो. भाऊंनी मला मशीन उघडायला शिकवलं, दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, आणि शिक्षण किती झालं ते परत कधी विचारलं नाही. त्यामुळे काहीही बिघडलं की मला वाटायचं, आता विचारतील.

मधुशेठची प्रेस म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पुढच्या हॉलमध्ये पत्रिका जुळवणारी मशीन्स, मागच्या खोलीत कूलरसमोर सर्व्हर. सर्व्हर म्हणजे सगळ्यांची सामाईक कपाटं एका जागी ठेवणारं मशीन. गणपती, कलश, सनईवाले, सगळे तिथे राहायचे. ज्याला हवा त्याने वायरवरून मागवून घ्यायचा.

त्या सर्व्हरवर मी लिनक्स घातलं होतं. एका मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यावरून. हे ओपन सोर्स. म्हणजे नुसता प्रोग्राम देत नाहीत, तो कसा लिहिलाय तेही देतात. भरीत कोणीही खाऊ घालतं, पण वांगी कशावर भाजली आणि वर काय घातलं ते विचारलं की बाई हसून विषय बदलते. इथे सगळं लिहून दिलेलं, वर 'बदलून बघा' असा आग्रह. कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांनी हे का केलं असेल, याचं मला फार नवल वाटायचं. अजूनही वाटतं.

तर शेठनी हौसेने नेटवर्कचा वेग वाढवून घेतला. आधी दहाचं होतं, आता शंभरचं. म्हणजे तेवढ्याच वेळात दसपट मजकूर जाणार. नवी कार्डं बसवली, नवा हब बसवला. हब म्हणजे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात तो डबा. वायरी जुन्याच ठेवल्या. छोट्या फाइली सुसाट गेल्या. मोठ्या अडल्या.

शेठनी दिलीपभाऊंना बोलावलं.

"फुकटचं घातलंय ना तुझ्या माणसाने? फुकटचं असंच चालणार."

"शेठ, आधी चालत होतं की."

"आधी हळू होतं. वेग दिला तर दम लागला त्याला. आखाजीच्या आत अख्खा गणपती दाखव. नाहीतर हे काढायचं, नाशिकवाला विकतचं बसवून देतोय. आणि आमच्या धुळ्याच्या शाखेचं कामही मग त्यालाच."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. खानदेशात त्या सुमाराला लग्नं अशी लागतात की एकाच वऱ्हाडाला दोन मांडवांत जेवावं लागतं. शेठचंही चुकत नव्हतं. पत्रिका लग्नानंतर छापून काय उपयोग?

बाहेर आल्यावर भाऊ स्कूटरला किक मारत एवढंच म्हणाले, "बघ बाबा. धुळ्याच्या भरवशावर मी तुला कायम ठेवायचं म्हणत होतो."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी सर्व्हरपाशी बसलो. पुढच्या हॉलमधली मशीन्स विकतच्या प्रोग्रामवर चालायची. ती अडली की एकच वाक्य दाखवायची, 'नेटवर्क उपलब्ध नाही' अशा अर्थाचं. पुढे काही विचारायची सोय नाही. लिनक्सचं तसं नव्हतं. कार्डातून किती पाकिटं आली, किती गेली, किती खराब निघाली, याची मोजदाद ते सतत ठेवायचं आणि विचारलं की सांगायचं. नेटवर्कवर मोठी फाइल एकसंध जात नाही. तिचे तुकडे करून पाकिटांतून पाठवतात.

खराब पाकीट घेणाऱ्याकडे मोजलं जातं, म्हणून मी गणपती उलट्या दिशेने पाठवला, हॉलमधून सर्व्हरकडे. आणि आकड्यांकडे बघत बसलो. खराब पाकिटांचा आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळायला लागला.

आता प्रश्न असा, की खराब म्हणजे काय? आणि खराब कोणी केली? शेठ म्हणतात तसं या फुकटच्या प्रोग्रामनेच केली नसतील कशावरून? विकतच्या प्रोग्रामचं पोट मला फाडता आलं नसतं. याचं उघडंच होतं. कार्ड चालवणारा जो भाग, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो मी उघडला आणि तो आकडा कुठे वाढवलाय ते शोधायला लागलो.

दिलीपभाऊ मागे येऊन उभे राहिले. "समजतंय का काही? इंग्रजी आहे."

"सगळं नाही समजत भाऊ. पण पाणी कुठून कुठे जातंय तेवढं दिसतं."

आणि दिसलं. प्रत्येक पाकिटाच्या शेवटी पाठवणारा आतल्या मजकुराची एक बेरीज लिहितो. घेणारं कार्ड ती बेरीज स्वतः पुन्हा करून बघतं. जुळली नाही तर पाकीट फेकून देतं आणि ड्रायव्हरला कळवतं. ड्रायव्हर फक्त आकडा एकाने वाढवतो. म्हणजे पाकीट प्रोग्रामच्या हातात येण्याआधीच फाटलेलं होतं. रस्त्यात.

रस्ता म्हणजे वायर.

मी हॉलमधलं एक मशीन उचलून सर्व्हरशेजारी आणलं आणि हबबरोबर आलेल्या दोन तयार, आखूड वायरींनी दोन्ही मशीन्स हबला जोडली. गणपती पोटासकट आला, उंदरासकट आला. खराब पाकिटांचा आकडा जागचा हलला नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण त्या प्रेसमधली वायर नानांनी टाकली होती.

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. धुळ्याकडचे, राहायला मेहरूणला. वायर टाकावी तर त्यांनी. भिंतीवर रेघ मारल्यासारखी सरळ, वळणावर मेणाच्या दोऱ्याने बांधलेली. दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायचो. त्यांच्या पत्नी अक्का कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा वाढायच्या आणि अहिराणीत म्हणायच्या, "तुन्ही माय दूर शे, लाजू नको." माझं पोट त्या गावात कोणी भरलं असेल तर या घराने.

"नानांना तुम्हीच सांगा ना भाऊ," मी म्हणालो.

"मी? आमच्या घरी फोन कोणी जोडला माहितीये ना? वर्षानुवर्षं नंबर लागत नव्हता. वडील अजून त्यांना नमस्कार करतात. तू सांग."

पण सांगायचं काय, हेच मला कळत नव्हतं. नानांनी प्रत्येक वायर टेस्टर लावून तपासली होती. एका टोकाचा दिवा दुसऱ्या टोकाला बरोबर लागत होता. मग मी तयार वायरीचा प्लग आणि नानांचा प्लग शेजारी धरला. प्लग पारदर्शक असतो, आतले रंग दिसतात. दोघांतले रंग वेगवेगळ्या ओळीने बसले होते. बरं, असेनात. दोन्ही टोकांना एकच ओळ असेल तर विजेला रंग काय कळतो?

मी नानांच्या वायरीचा एक तुकडा सोलला. आत आठ तारा, पण सुट्या नाहीत. दोन-दोन तारांना एकमेकींभोवती पीळ घातलेला. हा पीळ कशाला, हे मी तोवर कधी विचारलंच नव्हतं. कार्डाच्या पुस्तिकेत शोधलं. निरोप दोन तारांवर मिळून जातो. त्या एकमेकींना पीळ घालून असल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि वजा होतो. प्लगमध्ये तारांच्या आठ जागा असतात; नेटवर्क वापरतं त्यातली एक आणि दोन नंबरची जोडी, आणि तीन आणि सहाची. चार आणि पाच मध्ये रिकाम्या.

नानांनी बसवली होती टेलिफोनची ओळ. निळी जोडी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, शेजारी शेजारी. प्रत्येक लाइनमन ती झोपेतही म्हणतो. त्यामुळे तीन नंबरला आली नारिंगीतली एक तार आणि सहाला हिरवीतली एक. नवरा एका मांडवातला, नवरी दुसऱ्या. टेस्टरला काय, दोघं हजर होते, त्याने दिवा लावला. दहाचं नेटवर्क कमी गडबडीचं, त्यात संसार निभावला. शंभरच्या गोंगाटात निभेना.

त्या रविवारी ताटावर बसलो तर घास उतरेना.

"काय रे पोऱ्या, कसाले घाबरस?" नाना म्हणाले. "शेठ काढी टाकस का तुले?"

"नाना, ते... वायरींचं जरा..."

"मन्ही वायर?" त्यांचा हात थांबला. "बठ्ठी तपासेल शे. दिवा लागस."

"दिवा लागतो नाना. तरी एकदा येऊन बघा."

"साठ वर्षांना व्हयनू, आते तू माले वायर शिकाडी ऱ्हायना का?"

अक्का म्हणाल्या, "जाई या ना. तो उपाशी ऱ्हायना तुमन्यापायी."

नाना आले. मी त्यांना खुर्ची दिली आणि गणपती पाठवला. आकडा पळायला लागला. मग आखूड वायर लावून पाठवला. आकडा थांबला.

"हाई मोजस कोण?"

"हा प्रोग्रामच. फुकटचा."

"पगार नही तरी खोटं लिखस नही," ते पुटपुटले. मग चष्मा लावून त्यांनी दोन्ही प्लग उजेडाला धरले. मला बोलायचीही गरज पडली नाही. तीन आणि सहावर त्यांचं नख येऊन थांबलं.

"जोडी फोडीसन बसाडी? मधी दोन सोडीसन? कोन शहाना व्हता हाऊ?"

"नाना, पुस्तिकेत लिहिलंय. मधल्या दोन जागा टेलिफोनसाठी राखून ठेवल्यात. कोणाला त्याच वायरीवर फोन घ्यायचा असला तर."

"मधी कोनता रंग शे?"

"निळा."

निळी म्हणजे टेलिफोनवाल्यांची पहिली जोडी. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हंजे फोनले मधला पाट दिधा," ते म्हणाले. "मंग ठीक शे. मान राखेल शे."

आणि त्यांनी पक्कड मागितली. प्रेसमधला एकेक प्लग त्यांनी स्वतः कापला आणि नव्या ओळीने बसवला. मला एकाही वायरीला हात लावू दिला नाही. तोंडाने नवी ओळ म्हणत होते, आणि निळ्यापाशी आले की आवाज जरा चढायचा.

शेठना बोलावलं तेव्हा असोद्याचे पाहुणेही परत आले होते. गणपती एका झटक्यात उघडला. पाहुण्यांनी या वेळी जोडलेले हात खाली घेतले नाहीत.

"बदललंस ना शेवटी ते फुकटचं?" शेठ म्हणाले.

"नाही शेठ. तेच आहे. प्लग बदलले."

शेठनी नानांकडे पाहिलं. नाना छताकडे बघत होते. दिलीपभाऊ मध्येच म्हणाले, "नवीन हबला नवीन प्लग लागतात शेठ. नानांनी करून दिले." यात खोटं काही नव्हतं.

धुळ्याचं काम आम्हालाच मिळालं. मी कायम झालो. नाना बरोबर आले, आणि तिथल्या पोरांना ओळ शिकवताना म्हणाले, "हाई दिवा लागना म्हंजे काम झायं असं समजू नका."

पुढे मोठमोठ्या सर्व्हरच्या खोल्यांत काम केलं, जिथे शंभरचा वेग म्हणजे बैलगाडी. तिथेही तेच. काही अडलं की आळ पहिल्यांदा फुकटच्या प्रोग्रामवर येतो. मी वाद घालत नाही. आकडे बघतो, मग खाली वाकून प्लग. बहुतेकदा निळी जोडी मध्येच असते. नसली, तर ती बसवणाऱ्याकडे आपण जेवलोय का, हे आधी आठवून घ्यावं, आणि मग बोलावं.