शुद्ध तांब्याचे काका

विश्वाच्या पसाऱ्यात माणसाचे स्थान नेमके कोठे आहे, हे आमच्या महाडात एकाच गृहस्थांना ठाऊक होते. ते माझ्या मावशीचे यजमान. मूलद्रव्यांचा तक्ता त्यांनी ओसरीवर खिळ्याला टांगला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते त्यात बसवीत. शाळेत रसायन शिकवीत असल्यामुळे त्यांना कोणी अडवीत नसे. अंगावर पाणी उडताच भडकणारी मावशी म्हणजे सोडियम. तलाठी म्हणजे सोने. कशातच भाग घेत नसल्यामुळे गंजण्याचा प्रश्न नाही. मुंबईत नोकरी आणि गावी शेती करणारे सगळे धातुसदृश, ना धड धातू ना अधातू. स्वतःला ते निष्क्रिय वायू म्हणवीत, आणि याबाबतीत मावशीचे दुमत नव्हते.

मिश्रधातूंवर मात्र त्यांचा राग. पितळ दिसले की तोंड फिरवीत. देवळात नवी घंटा आली तेव्हा तिच्यातली कथिलाची भेसळ त्यांनी इतका वेळ समजावली, की पुजाऱ्याने आरती मध्येच उरकून घेतली. घरातली भांडी शुद्ध तांब्याची, आणि त्यांना आतून कथिलाचा मुलामा देणारा कल्हईवाला गल्लीत आला की काका दारात आडवे. सज्जनाला सोंग कशाला चढवायचे, असे त्यांचे म्हणणे. बिचारी मावशी आंबट पदार्थ शेजारणीच्या पातेल्यात करून आणी.

थोरल्या मुलीला, कुसुमला, पोलादपूरकडचे स्थळ आले. मुलगा धातुसदृश होता, पण कुसुमच्या मनात भरला होता. बोलणी करायला मंडळी आली त्याच दिवशी शेजारीण दासगावला माहेरी गेलेली. कोकमाचे सार तांब्याच्या पातेल्यातच झाले, आणि पाहुण्यांना उशीर झाल्यामुळे त्यातच राहून चांगले कळकले. मुलाच्या वडिलांनी पहिला घोट घेतला आणि ते थांबले. काकांचा चेहरा उजळला. "हिरवट लागतंय ना?" असे विचारून त्यांनी आम्लाची तांब्यावर होणारी क्रिया सांगायला घेतली. श्रोते एकेक करून परसात जात होते. मावशी चुलीपुढे डोळे पुसत होती. कुसुम दारात उभी राहून नुसती बापाकडे बघत होती.

मुलाचे वडील तोंड पुसत परत आले, बसले.

"मास्तर, पोरगी पसंत हाय. पन भांडी द्याल ती कल्हई करून द्या. नायतर ह्ये लगीन व्हायचं नाय."

काकांनी तक्त्याकडे पाहिले, मग कुसुमकडे.

"करू," ते म्हणाले.

लग्नाआधी कल्हईवाल्याच्या भट्टीशी काका स्वतः उकिडवे बसले आणि भाता मारू लागले. डोळ्यांत नवसागराचा धूर गेला, असे त्यांनी मी न विचारताच मला सांगितले. शेवटचे पातेले आतून चांदीसारखे झाले तेव्हा काका ते बराच वेळ हातात धरून होते.

"पोरीला आता आंबट करता येईल हो," एवढेच बोलले.

कुसुम सुखाने नांदली. सासरी स्वयंपाक पहिल्यापासून जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यांत होतो. काकांची भांडी माळ्यावर आहेत.