काखेतल्या गाठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हांला सांगतेय, कारण — जाऊ दे, कारण काढत बसले की पुन्हा राहून जाईल.

सोलापुरात नव्या पेठेमागच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. परपुरुष छातीला हात लावणार म्हटलं की बायका उठून जायच्या, म्हणून डॉक्टर पडद्याबाहेर बसायचे आणि आत मी चाचपायचे. मी सांगेन तेच खरं! फार मिजास होती मला त्याची.

एकदा नातेपुत्याकडची धोंडाबाई आली — मेंढरं राखणारी. स्तनात सुपारीएवढी गाठ. डॉक्टरांनी बाहेरून विचारलं, "कॅन्सर काखेत उतरलाय का? नसेल तर एवढी गाठ काढून भागेल. उतरला असेल तर काखेपर्यंत सगळंच काढावं लागेल."

काखेत बोटं खोल घालून बघावं लागतं, चोळी सोडून. आणि मी? तिच्या अंगाला मेंढरांचा वास, घामाचा वास; माझं पातळ नवं, परीटघडीचं. किळस आली हो मला! चोळीवरूनच दोन बोटं फिरवली न् सांगून टाकलं, "काख मोकळी आहे, साहेब."

डॉक्टरांनी तेवढीच गाठ काढली. घरी जाताना ती माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

वर्षाच्या आत ती परत आली. हात खांद्यापासून सुजलेला, हिरव्या बांगड्या मांसात रुतलेल्या. त्या मीच वाढवल्या. या खेपेला चोळी सोडली, बोटं खोल घातली. बोरांएवढ्या गाठी, एकीला एक चिकटलेल्या. पहिल्या वेळी होत्या का त्या? मला माहीत नाही — मी बघितलंच कुठं होतं?

"आता कापून उपयोग नाही," डॉक्टर म्हणाले. मग, "तेव्हा नव्हत्या ना? तुम्ही नीट पाहिलं होतंत?"

माझ्याआधी धोंडाबाईच बोलली, "व्हय तर! नीट बगितलं व्हतं की बाईंनी. हात लई हलका हाय त्यांचा, मला कळलंबी न्हाय."

आणि मी — तिचा सुजलेला हात माझ्या मांडीवर होता तेव्हा — म्हणाले, "नव्हत्या, साहेब. आत्ताच आल्यात."