सासूबाई, जाऊबाई आणि मागून उघडणारी गाडी

सलमाबादच्या एका गॅरेजमध्ये मी माझ्या धाकट्या जावेला व्हीलचेअरवर बसवून पट्ट्यांनी आवळत होते. जाऊ चांगली धडधाकट होती. सकाळी चालायला जाऊन आली होती. व्हीलचेअर सासूबाईंची होती, गाडी माझी होती, आणि गॅरेजवाला लतीफभाई शेजारी पाना घेऊन उभा होता.

"मॅडम, और कितना टाईट?"

"और थोडा," मी म्हणाले.

"वहिनी, मला श्वास घ्यायचाय," मेधा म्हणाली.

"आईंनाही घ्यायचा असतो. त्यांना कसं वाटेल ते कळायला नको का?"

हे अर्थात खोटं होतं. व्हीलचेअरच्या गाडीत चार पट्ट्या खुर्चीला असतात. त्या खुर्ची जमिनीला धरून ठेवतात. माणसाला वेगळा बेल्ट असतो आणि तो आवळायची काही गरज नसते. मी तोच ओढत होते.

ही गोष्ट नातीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "आजी, यू वर सो जेलस." होते. त्या वेळची मी केस काळे करायची, गळ्यात ऑफिसचं आयडी कार्ड मिरवायची आणि आपल्याला कुणाचा हेवा वाटत नाही असं चारचौघांत सांगायची. मला आज तिला भेटता आलं तर मी तिच्या समोर बसून पोटभर हसेन.

माझं काम काय होतं ते आधी सांगते. मी इथे बहरीनमध्ये एका इन्शुरन्स कंपनीत मोटर सर्व्हेअर होते. तुमची गाडी ठोकली की तुम्ही क्लेम टाकता, म्हणजे कंपनीकडे खर्च मागता. मग कंपनी माणूस पाठवते. तो गाडीभोवती फिरतो, पोचे बघतो, खाली वाकून चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाकलाय का ते तपासतो आणि गॅरेजवाल्याच्या खर्चाला कात्री लावतो. तो माणूस म्हणजे मी. सलमाबादमधली गॅरेजं मला पाठ होती. मी आत शिरले की लोक चहा मागवायचे आणि मनात शिव्या द्यायचे.

सासूबाई आमच्याकडे राहायच्या. बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण पायांत पुन्हा बळ आलं नाही. व्हीलचेअर आली. आमची गाडी होती छोटी. तिच्यात सासूबाईंना बसवणं म्हणजे आधी मी खांदे धरायचे, मग ह्यांनी पाय धरायचे आणि मग तिघांनी एकमेकांवर ओरडायचं.

इथे मेधाचा प्रवेश होतो. माझे दीर मोठ्या कंपनीत इंजिनीअर. त्यांनी एक जपानी सेव्हन-सीटर घेतली होती. तिची पुढची सीट बटण दाबलं की वळून दाराबाहेर यायची. दर शुक्रवारी मेधा यायची, बटण दाबायची, सीट बाहेर यायची, नवरा-बायको मिळून सासूबाईंना अलगद त्या सीटवर सरकवायची आणि सीट पुन्हा आत जायची. आमच्या बिल्डिंगचा वॉचमन खास बघायला यायचा.

मेधाकडे माझ्याहून जास्त सोनं होतं. माझ्याहून गोरी होती. तिच्या मुलाला माझ्या मुलाहून जास्त मार्क पडायचे. ह्यातलं सगळं मी गिळलं होतं. ती सीट मात्र गिळता येईना. गाड्यांमधली तज्ज्ञ मी, आणि बटण तिच्याकडे.

संध्याकाळी सासूबाई परत यायच्या त्या तिकडच्या गोष्टी घेऊनच. "मेधाची घावनं काय जाळीदार झाली होती गो. तुझी जरा जाड होतात, नाही?" मी हो म्हणायचे आणि भांडी जोरात घासायचे.

एक दिवस फिजिओथेरपिस्टने सांगितलं, आता उचलाउचल बंद. सांधा पुन्हा निखळेल. खुर्चीतून गाडीत आणि गाडीतून खुर्चीत, काही चालणार नाही. न्यायचं तर खुर्चीसकट न्या, नाहीतर घरात राहू द्या.

मेधाच्या सीटचा निकाल लागला. खरं सांगते, ते ऐकल्यावर मला पहिल्यांदा सासूबाईंचं वाईट वाटलं नाही. पहिल्यांदा बरं वाटलं. वाईट वाटलं ते नंतर, त्या खिडकीशी बसून खालच्या गाड्या बघायला लागल्या तेव्हा.

मग मेधाचा फोन आला. "वहिनी, आम्ही विचार करतोय. रॅम्पवाली नवीनच घेऊ. आणि आई आमच्याकडेच येऊ देत ना राहायला. आमचा ग्राउंड फ्लोअर आहे. तुमची नोकरी, तुमची धावपळ."

बोलली ती चांगल्या मनाने. मला तेव्हा ते तसं ऐकू आलं नाही. सासूबाईंशी माझं लग्नापासून पटलं नव्हतं. पण त्या उठून मेधाकडे राहायला जाणार म्हटल्यावर मला ते सहन होईना.

"आई, तुमचं काय म्हणणं?" मी विचारलं.

"गाडी कुणाकडे येतेय ते बघू," सासूबाई म्हणाल्या. "मला इथे बसून बसून गंज चढलाय."

मी शोधाला लागले. नवीन गाडी घेऊन तिला रॅम्प बसवायचा खर्च विचारला. तो आकडा ऐकून ह्यांनी एसी वाढवला. मग जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघितल्या. एकीत लिहिलं होतं, व्हीलचेअर फ्रेंडली. जिदहफ्सला जाऊन पाहिलं तर मालकाने डिकीतून लाकडी फळी काढून दाखवली. फळीवर अजून रंगाचे डाग होते. "स्ट्राँग," तो म्हणाला. मी त्याला त्या फळीवर उभं राहायला सांगितलं. तो राहिला नाही.

आणि मग माझ्याच टेबलावर फाईल आली. एका खासगी क्लिनिकची उंच टपाची व्हॅन, कुणीतरी बाजूला घासलेली. मी बघायला गेले. दार घासलेलं, बाकी गाडी खणखणीत. मागचा दरवाजा उघडला तर घडीचा रॅम्प, खाली खुर्ची अडकवायचे हुक, सगळं गाडीच्या कंपनीनेच बसवलेलं. क्लिनिकचा मॅनेजर सहज बोलून गेला, दुरुस्त झाली की विकणार आहोत, आम्ही बंद करतोय.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी तडक बॉसकडे गेले. अहमदसाहेब बहरीनी, शांत माणूस.

"सुधा, धिस इज युवर क्लेम?"

"येस सर."

"अँड यू वॉन्ट टू बाय धिस कार?"

"येस सर."

"मफी," ते म्हणाले. म्हणजे नाही. मग त्यांनी समजावलं. सर्व्हेअरनेच गाडी घ्यायची असेल तर लोक म्हणणार, हिने मुद्दाम नुकसान कमी-जास्त दाखवलं आणि गाडी स्वस्तात पाडली. फाईल मी रमेशला देतो. क्लेम बंद होईपर्यंत तू क्लिनिकला एक फोनसुद्धा करायचा नाही. नंतर बाजारभावाने घे.

"तोपर्यंत दुसऱ्याने घेतली तर?"

"इंशाल्ला, नाही घेणार."

रमेश ऑफिसमधला सगळ्यात निवांत माणूस. तो गॅरेजच्या चहाला नाही म्हणायचा नाही, आणि एका चहावर एकच फाईल पुढे सरकायची. इकडे मेधा व्हॉट्सॲपवर शोरूमचे फोटो पाठवत होती. "वहिनी, सिल्व्हर की व्हाइट?" मी प्रत्येक फोटोवर अंगठा दाखवायचे आणि रमेशच्या टेबलाजवळून जाताना खोकायचे.

क्लेम बंद झाला. गाडी अजून होती. मी ती घेतली. पण घेण्याआधी तपासली मात्र अशी, की क्लिनिकचा मॅनेजर घामाघूम झाला. खाली आडवी होऊन चॅसी बघितली. रॅम्पवर स्वतः नाचले. हुक ओढून पाहिले, गिअर ऐकला, कागद बघितले. एकही चूक सापडली नाही. मेधाला फोटो पाठवला. तिने अंगठा दाखवला.

शुक्रवारी सासूबाईंना रॅम्पवरून वर चढवलं, चारी पट्ट्या लावल्या आणि ऐटीत निघाले. कॉजवेकडे, म्हणजे समुद्रावरच्या लांब पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याने नेलं, समुद्र दाखवायला.

"आई, कसं वाटतंय?"

मी गाडी समुद्राच्या बाजूच्या लेनमध्ये घेतली.

"आई, पाणी दिसलं का?"

"मी सामान आहे काय गो?" सासूबाई म्हणाल्या.

गाडी बाजूला घेतली आणि मागे जाऊन पाहिलं. खुर्चीची जागा अगदी शेवटी, रॅम्पपाशी. दोन्ही बाजूंना नुसता पत्रा. खिडक्या पुढच्या भागात होत्या. समोर मधल्या सीटच्या पाठी. क्लिनिकचे पेशंट आडवे-तिडवे, दुखण्यात असायचे, त्यांना बाहेर बघायचंच नव्हतं. सासूबाईंना मात्र तेवढ्यासाठीच यायचं होतं. आमच्या धंद्यात सर्व्हेअर गाडी बघतो, तिच्यात बसणारा माणूस त्याच्या फॉर्मवर कुठे नसतो. मी अख्खी गाडी तपासली आणि त्या जागेवर एकदाही बसले नाही.

"मेधाच्या गाडीत पुढे बसायचे," सासूबाई म्हणाल्या. "घरी ने."

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच मेधाला फोन लावायला सांगितला. मी लावून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. "हो, बघते," एवढंच ऐकू आलं.

मग माझं डोकं चालायला लागलं. मधली सीट काढून टाकायची, हुक तिथे पुढे आणायचे, ड्रायव्हरच्या आणि शेजारच्या सीटच्या लगेच मागे, मधोमध खुर्ची यायला हवी. पण सीट कमी करणं म्हणजे गाडीत बदल, त्याला ट्रॅफिकवाल्यांची परवानगी लागते, नाहीतर गाडी पासिंगला अडकते. आणि नुसतं फरशीला भोक पाडून हुक लावला तर पहिल्या जोरदार ब्रेकला तो उपटून येतो. खालून लोखंडी पट्टी देऊन बोल्ट करावा लागतो. हे सगळं मला येत होतं. लतीफभाईंनी आधी नुसतं वेल्डिंग करतो म्हणून सांगितलं. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते म्हणाले, "समझ गया, मॅडम."

एकच अडचण उरली. बसल्यावर सासूबाईंचे डोळे पुढच्या काचेच्या रेषेत यायला हवेत. हुक कुठे, गादी किती जाड, हे ठरवायला खुर्चीत कुणीतरी बसायला हवं. सासूबाईंना गॅरेजच्या त्या उन्हात, तेलकटात आणणं शक्य नव्हतं. मी उंच. हे माझ्याहून उंच. बुटकी, अगदी सासूबाईंच्या मापाची, अख्ख्या बहरीनमध्ये माझ्या ओळखीची एकच बाई होती.

"मेधा, जरा काम होतं."

"बोला ना, वहिनी."

"तुला सलमाबादला येऊन व्हीलचेअरमध्ये बसायचंय."

ती म्हणाली, "कधी येऊ?"

तर अशी ती तिथे पोचली होती. मी बेल्ट सैल केला, लतीफभाईंनी गाडी चालवली आणि मी मेधाच्या शेजारी उकिडवी बसले.

"काय दिसतं?"

"टप. आणि तुमचा तो लटकलेला गणपती."

गादी काढून पातळ घातली. पुन्हा फेरी. "आता?" "आता रस्ता दिसतो. पण अर्धा." खुर्ची थोडी मागे घेतली, पुन्हा फेरी. चौकात एक पिकअप कडेने आत घुसला आणि मेधा माझ्या आधी ओरडली, "ब्रेक." लतीफभाईंनी दाबला. खुर्ची जागची हलली नाही.

"दिसतंय, वहिनी," मेधा म्हणाली. "सगळं दिसतंय." मग म्हणाली, "आम्ही शोरूमला नको सांगितलंय. तुमची चांगली झाली."

मला वाईट वाटलं, पण फार नाही.

परवानगी आली, नवीन कागद झाले. सासूबाईंना बसवलं. बिल्डिंगच्या कोपऱ्यावरच सुरू झाल्या. "तो बघ गो, बाजूनं येतोय. सिग्नल झाला की, ने आता. हळू." माझ्या कानाजवळ तोंड आणि समोर अख्खा रस्ता. मी खूश.

"कुठे नेऊ, आई? समुद्रावर? जुन्या बाजारात, बाब अल बहरीनला, देवळापाशी?"

"मेधाकडे," सासूबाई म्हणाल्या.

मी वळण चुकले. पुढून वळवून आणली.

मेधाच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदाच सासूबाईंबरोबर निवांत बसले होते. एरवी तीच न्यायची, मी घरी. मेधाने शिरा आणला. सासूबाईंनी चमचाभर खाल्ला आणि म्हणाल्या, "सुधा चहा कसा वेळेवर देते. नोकरी करून. आणि गाडी काय चालवते गो, बाप्यासारखी. तुला कुठे गो येतंय."

मेधा ट्रे धरून उभी होती. तिचा चेहरा मी ओळखला. भांडी घासताना माझा तोच असायचा.

"मग आई," मेधा सावकाश म्हणाली, "राहायला कधी येताय?"

"राहायला कशाला? आता हवं तेव्हा येता येतं. सुधा आणेल." पुन्हा एक चमचा. "शुक्रवारी तुझ्याकडे, बाकी तिच्याकडे. दोघींवर लक्ष राहतं."

मेधाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून हसलो. परत येताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "शिरा बाकी मेधानेच करावा." मी गिअर बदलला.

गाडी पुढे बरीच वर्षं चालली, सासूबाईंच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत. व्हीलचेअरची गाडी घेणारे लोक अजूनही मला विचारायला येतात. मी सांगते, रॅम्प, हुक, इंजिन नंतर बघा. आधी त्या माणसाच्या जागी त्याच्या उंचीचं कुणीतरी बसवा, दार लावून घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडी फिरवू द्या. आणि त्याला कुठे जायचंय तेही विचारून ठेवा. ते ठिकाण तुमच्या मनातलं असेलच असं नाही.