कानाने बघणारे दाजी

माणसं चेहऱ्यावरून ओळखायची असतात, हे माझ्या थोरल्या साडूंना अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि आता सांगून उपयोगही नाही. नल्लकुंट्यातल्या त्यांच्या घराच्या पायऱ्या चढायला लागलं की आतूनच आवाज येतो, "या. नवी चप्पल घेतली वाटतं!" टेलिफोन खात्यात तीस वर्षं त्यांनी लाइनींमधला बिघाड कानाने हुडकला. खात्याने त्यांना निवृत्त केलं, त्यांच्या कानांना मात्र तसा कागद कधी मिळालाच नाही. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. त्यांना फोन करावा तर ख्यालीखुशालीच्या आधी हुकूम सुटतो, "खिडकीपासून आत सरका, तुमच्या मागून बस चाललीय." टीव्हीवरच्या बातम्या ते डोळे मिटून बघतात. अंबरपेठेतल्या एका लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात असताना ते तरातरा स्टेजवर चढले. मुलीकडच्यांना वाटलं, लग्न मोडायलाच आले. दाजींनी गुरुजींच्या तोंडापुढचा माइक चार बोटं बाजूला सरकवला, "आता म्हणा. प्रत्येक 'प'ला फटाका फुटत होता," असं सांगितलं आणि खाली येऊन शांतपणे अक्षता टाकल्या.

अशा माणसाला आपला व्हिडिओ दाखवायचा म्हणजे धाडसच. पण माझ्या बायकोवर तशी वेळ आली होती. ती इथे, तेलुगू मुलखात, शाळेत मराठी शिकवायची. मुलं कमी होत होत वर्गच बंद झाला, आणि वीस वर्षं बोलून पोट भरणारी बाई एकदम गप्प झाली. दोन महिन्यांनी तिने आपल्या मराठवाड्याचं येसर, म्हणजे आमटीचा भाजका मसाला, आणि काळं तिखट करून पाकिटं भरायला घेतली, आणि आमच्या लेकीने त्यासाठी चॅनेल काढलं. कॅमेरा असा झकास की परातीतल्या ज्वारीच्या पिठाचा कण न् कण मोजून घ्यावा. तरी माणसं अर्ध्या मिनिटात पळून जायची. एकाने खाली लिहिलं, "आंटी, आप बोल रहे की कुकर बोल रहा?" लेक हसली, बायको हसली नाही. त्यातच कुकटपल्लीच्या एका मोठ्या दुकानाने सांगितलं, दोन मिनिटांचा व्हिडिओ द्या, आमच्या पडद्यावर लावू. गिऱ्हाईक थांबलं तर पाकिटं ठेवू. आम्ही दिला. दुसऱ्याच दिवशी परत आला. मॅडम, काही समजत नाही, म्हणे. "आणखी एकदा करते," बायको म्हणाली, "नाही जमलं तर हे सगळं बंद." तिने ते इतकं हळू सांगितलं की मी त्याच दिवशी दाजींना बोलावून घेतलं.

दाजींनी व्हिडिओ पाहिला, अर्थातच डोळे मिटून. लेक कळवळली, "मोठे काका, चित्र तर बघा!"

"चित्राला काय झालंय? चित्र अंधुक असलं तर माणूस चष्मा पुसतो. आवाज खराब असला की उठून जातो." मग बायकोकडे वळून म्हणाले, "फोनवर खरखर असली ना, की पलीकडचा माणूस खोटारडा वाटायचा. तीस वर्षं ऐकलंय मी. माणूस खरा असायचा गं, लाइन खोटी असायची. तुझं येसर चांगलंय, तुझी लाइन खराब आहे."

पुढच्या रविवारी आमच्या स्वयंपाकघराचा कायापालट झाला. भिंतींवर गोधड्या आल्या, ओट्यासमोर गादी उभी राहिली, कुकर बाल्कनीत हद्दपार झाला. एप्रिल महिन्यात पंखा बंद. फ्रिज बंद. तो परत चालू करायचं कुणालाच सुचलं नाही आणि दुसऱ्या दिवशी इडलीचं पीठ फ्रिजच्या दारातून बाहेर डोकावत होतं, ही गोष्ट वेगळी. बायकोच्या बांगड्या उतरवल्या, पदराला एवढासा माइक लावला. मला श्वास जोरात घेतो म्हणून जिन्यात बसवण्यात आलं. भाजीवाल्याची गाडी गल्लीतून जाईपर्यंत सगळे पुतळ्यासारखे थांबले. एवढं करून बायकोने तोंड उघडलं, तर थेट शाळेतला सूर लागला, "मुलांनो, येसर म्हणजे..."

"नक्को," दाजी म्हणाले. "वर्गाला सांगू नको. ऐकणारा एका वेळी एकच असतो. मला सांग." आणि तिच्यासमोर पाटावर मांडी घालून, डोळे मिटून बसले.

बायकोने धणे कढईत टाकले. मग म्हणाली, "दाजी, धणे असे भाजायचे की शेजारीण विचारायला आली पाहिजे." जिन्यात बसलेल्या मला तिचा हा आवाज किती दिवसांनी ऐकू आला ते सांगता येणार नाही. धणे तडतडले, भाकरी थापल्याचा आवाज आला, आमटीला उकळी फुटली. प्रत्येक वाक्याला दाजी मनापासून "हौ" म्हणत होते. ते हौकार कापता कापता लेकीची संध्याकाळ गेली.

दुकानात तो व्हिडिओ लागला तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. चादरींच्या मांडणीपाशी उभी असलेली एक तेलुगू बाई मान वळवून थांबली. मग आणखी दोघी आल्या. पाकिटं ठेवली गेली. पण बायको खूश झाली ती वेगळ्याच कारणाने. विद्यानगरच्या एका मुलाने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून कळवलं, "मला मराठी वाचता नाही येत, पण तुमचं सगळं समजतं. आईला पण लावून दाखवलं." बायकोने ते तीनदा वाचून घेतलं. "वर्ग भरतोय की माझा," ती म्हणाली. आता कुकटपल्लीतली छोट्या धंद्यांची मंडळीही दाजींना बोलावतात, आणि दाजी गोधडी काखेत मारून बसने जातात.

मेव्हणीबाई, म्हणजे दाजींची बायको, जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा परदेशात असतो. दाजींचं घर फार शांत आहे. बायको दर गुरुवारी दुपारी लेकीला घेऊन रेकॉर्डिंगला तिथेच जाते. आपल्या गल्लीत गोंगाट आहे, असं ती सांगते, आणि मी ते मान्य करतो.

मागच्या गुरुवारी मी मायलेकींना आणायला गेलो, तर दोघी आत भांडी आवरत होत्या आणि दाजी खुर्चीत कानाला इअरफोनची बोंडकं लावून, डोळे मिटून हसत होते. काही चूक राहिली का, म्हणून विचारलं, तर त्यांनी एक बोंडूक माझ्या कानात दिलं. येसर नव्हतं, कृती नव्हती. झाकण पडलं, लेक खिदळली, बायको ओरडली, "अगं जळतंय ते! दाजी, चहात साखर किती?"

"हे कापलेलं आहे," दाजी म्हणाले. "चॅनेलला लागत नाही. मी ठेवून घेतो."

"पण यात खरखर किती आहे!" मी म्हणालो.

"हौ," दाजी म्हणाले, "असू द्या." आणि हात पुढे करून त्यांनी ते बोंडूक परत मागितलं.