पीपी नंबरापासून व्हिडिओ कॉलपर्यंत

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साचतात. पिठाच्या गिरणीत कितीही झाडून घ्या, दुसऱ्या दिवशी फळीवर थर असतोच, तसं माझ्या दुकानाचं आहे. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या सुमारास मी सिहोऱ्याच्या बसस्टँडजवळ एसटीडी बूथ टाकला. पुढे त्याच खोलीत कॉम्प्युटर आला, इंटरनेट आलं, आता मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. खुर्ची तीच, बसणारा तोच, फक्त पोट वाढलं.

लोक म्हणतात, मोबाइलनं माणसं तुटली. असं म्हणणाऱ्यानं माझ्या बूथमध्ये एक दिवस काढायला हवा होता!

* * *

तेव्हा फोन मोजक्या घरी, म्हणून पीपी नंबर चालायचा. म्हणजे फोन शेजाऱ्याचा आणि बोलणं आपलं. आधी फोन करून 'अमक्याला बोलवा' म्हणायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावायचा.

आमच्या महादेवरावांनी पोराचं लग्न असंच तुमसरच्या पीपी नंबरावर ठरवायला घेतलं. मुलगी पसंत होती, पण मांडव कुणाच्या दारी पडावा यावर गाडं अडलं. लाइन खराब, म्हणून महादेवराव बेंबीच्या देठापासून ओरडत होते आणि बाहेरची रांग सगळं ऐकत होती. अर्ध्या तासानं रांगेतल्या एका अनोळखी माणसानं काच ठोठावली. म्हणाला, "भाऊ, हो म्हणा ना. माही बस सुटून राहिली."

महादेवराव दचकून 'हो' म्हणाले. लग्न झालं, संसार छान चालला आहे. त्या माणसाला हुडकून काढून मध्यस्थ म्हणून मांडवात शेला-टोपी दिली!

* * *

याच रांगेत दर रविवारी सुमनबाई असायची. तिची एकुलती एक मुलगी माया चिखल्याला, खाणीच्या कॉलनीत दिलेली. मायाला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. मायलेकींची हातांची भाषा होती, घरातल्या घरात तयार झालेली. ती तारेतून कशी जाणार?

मायाची शेजारीण फोनवर सांगायची, बरी आहे. सुमनबाई विचारायची, अजून? शेजारीण म्हणायची, अजून बरी आहे. मग सुमनबाई म्हणायची, फोन तिच्या हाताजवळ न्या. तिकडे माया बांगड्या वाजवायची आणि इकडे ही डोळे मिटून ऐकायची. धानाच्या रोवणी-कापणीच्या दिवसांत चिखल्याला जाणं व्हायचं नाही, तेव्हा महिनोन्‌महिने लेकीची खबर म्हणजे तेवढी किणकिण.

एकदा मला म्हणाली, "ते बरी आहे हे शेजारणीनं कायले सांगावं? तिनंच सांगाले पायजे ना मले."

मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी मी तिच्या कॉलचे पैसे घेतले नाहीत.

* * *

मग साधे मोबाइल आले आणि मिस्ड कॉलचं शास्त्र निघालं. एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे स्टेशनवर घ्यायला या. फोन उचलायचा कुणीच नाही, हा सगळ्यांनी पाळलेला धर्म.

रिटायर झालेले आमचे गुरुजी नागपूरहून आले, तुमसर रोडला उतरले आणि त्यांनी घरी दोन मिस्ड कॉल द्यायला फोन लावला. पण घरात नवी सून, शहरातली. फोन वाजला की उचलते! तिनं नम्रपणे तब्येत विचारली. गुरुजींनी बरी आहे म्हणून फोन ठेवला आणि पुन्हा लावला. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा तब्येत विचारली. असं चारदा झालं. शेवटी गुरुजी सामानासकट ऑटो करून घरी आले.

मी म्हटलं, गुरुजी, फोन उचललाच होता तर सांगून टाकायचं ना, घ्यायला या म्हणून. तर माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसे बघत म्हणाले, "मिस्ड कॉलमध्ये बोलत नसतेत."

* * *

स्मार्टफोन आले तेव्हा रोवणीच्या बायांनी ग्रुप काढला. म्होरकी सीताबाई. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण अ‍ॅडमिन तीच. सगळा कारभार आवाजी मेसेजवर. एकदा एका बाईनं तिचा मेसेज धानाच्या बांधीत उभ्यानंच फुल आवाजात लावला. सीताबाई सांगत होती, या मालकाचा चहा म्हणजे गढूळ पाणी, घरूनच पिऊन या. मालक शेताच्या धुऱ्यावरच उभा!

दुसऱ्या दिवशी दुधाचा चहा आला, वर बिस्किटं. तिसऱ्या दिवशी तो सीताबाईला म्हणाला, मलाही ग्रुपात घ्या, अजून काय काय चुकते ते समजंल. सीताबाईनं साफ नकार दिला. म्हणाली, "तुमच्यासाठीच तं ग्रुप काढला. तुम्हालेच कसं घ्याचं?"

* * *

आता पुढे काय येणार, असं लोक मला विचारतात. पुढचं आमच्या आनंदरावांच्या घरी आलेलंच आहे. वय ऐंशी. प्रश्न विचारला की उत्तर देतो असा फोन नातीनं त्यांना आणून दिला. त्यांनी पावसाचं विचारलं, फोनमधल्या बाईनं गोड आवाजात सांगितलं. म्हाताऱ्यानं विचारलं, घरी कोण कोण असतं? ती म्हणाली, मी कॉम्प्युटर प्रोग्रॅम आहे, मला कुटुंब नाही.

तेव्हापासून ते रोज आधी तिला जेवण झालं का विचारतात आणि मग हवामान. नातीनं समजावलं, आजोबा, ती मशीन आहे. ते म्हणाले, "असू दे. उपाशी पोरीले काम कसं सांगाचं?"

* * *

आणि एका रविवारी चिखल्याच्या जावयानं मायाला स्मार्टफोन घेऊन दिला आणि माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. सुमनबाई समोरच बसली होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं सवयीनं कानाला लावला!

मी तो काढून घेतला आणि प्रिंटरला टेकवून उभा केला. पडद्यावर माया. दोघींनी क्षणभर एकमेकींकडे नुसतं पाहिलं आणि मग चार हात सुरू झाले. दुकानात सहा-सात गिऱ्हाइकं होती, सगळी फॉर्म विसरून माना वळवून बघत होती. मी रडलो, सांगायला लाज नाही.

एकदम मायाचे हात थांबले. ती पडद्याच्या अगदी जवळ आली आणि तिनं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं. सुमनबाईच्या गालात पानठेल्यावरचा तंबाखू-सुपारीचा खर्रा होता! मागच्या भेटीत तिनं लेकीला शपथेवर सांगितलं होतं की खर्रा सोडला. मग मायाचे हात असे काही सुटले की जावई मागे सरकला.

कुणीतरी विचारलं, काय म्हणते हो?

सुमनबाईनं फोन उचलला आणि डोळे पुसत तशीच रस्त्यावर निघाली. मी मागे, कारण फोन माझा आणि एका गिऱ्हाइकाचा ओटीपी त्यावर यायचा होता. शिंप्याच्या दुकानात शिरून तिनं फोन त्याच्या मशीनवर धरला. "पाह्य, माही पोरगी मले रागावून राहिली."

मग किराणावाला झाला. मग गिरणी. मग बसच्या खिडकीत बसलेली ओळखीची-अनोळखी बाया-माणसं. प्रत्येकाला तेच वाक्य, मान ताठ करून. पडद्यावर मायाचे हात अजून थांबले नव्हते.

पानठेल्यापाशी मात्र तिनं फोन पदराखाली घेतला.